मांजराला ताप वाटला, तर आधी गोळी नको

घरातली पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. ते औषध पचवण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात पुरेशी नसते, आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकदच जाते. कुत्र्याच्या गोचिडांसाठी मिळणारं परमेथ्रिनचं औषधही मांजराला विषारी. म्हणून व्हॉट्सॅपवर आलेला डोस कितीही आपुलकीने पाठवलेला असो, तो देऊ नका.

इंग्रजी वाचता येत असेल, तर मर्क (भारतात एमएसडी) व्हेटरनरी मॅन्युअलची पाळीव प्राण्यांच्या मालकांसाठीची आवृत्ती इंटरनेटवर फुकट आहे. पशुवैद्यांनी लिहिलेली, सोपी. लक्षणं समजून घ्यायला ती उत्तम. उपचार मात्र डॉक्टरांकडूनच.

डॉक्टर निवडताना पदवी बघा: बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. महाराष्ट्रात प्रॅक्टिस करणाऱ्याची राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी असते; नोंदणी क्रमांक विचारायला अजिबात संकोच करू नका. पेट शॉपवाल्याने टोचलेली लस मला मान्य नाही.

मुंबईत परळला एकोणिसाव्या शतकापासूनचं, प्राण्यांचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, त्याच आवारात पशुवैद्यकीय महाविद्यालय. गावाकडे गाय, म्हैस, शेळी आजारी असेल, तर 1962 हा टोल-फ्री नंबर.

जवळच्या कोणत्या दवाखान्यात रात्री डॉक्टर असतात, हे आजच फोन करून विचारा. मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल किंवा बोक्याला लघवीच होत नसेल, तर सकाळची वाट बघू नका. मांजराच्या पोटात एखादं औषध गेलं असेल, तर त्याचं पाकीट सोबत न्या.