अडतीस दातांचा गिअर: जुन्या लेथचे सुटे भाग शोधताना या चुका टाळा

माझ्या मायफोर्ड एमएल-७ या जुन्या इंग्लिश लेथसोबत आलेल्या पत्र्याच्या डब्यात बाकीचे चेंज गिअर (आटे पाडताना अदलाबदल करायचे) होते, ३८ दातांचा तेवढा नव्हता. तीनेक वर्षं त्याची आठवणही झाली नाही. मग कॉम्प्रेसरच्या प्रेशर गेजसाठी पाव इंची बीएसपी (ब्रिटिश पाइपांचे) आटे पाडायची वेळ आली. हे आटे इंचाला १९, आणि १९ म्हटलं की ३८ चा गिअर लागतो. पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात रविवारी एक सापडलाही. दात मोजले, ३८. जाडी तीच. दीडशे रुपये. भोक टर्नरकडून वाढवून घेतलं, घरी आणून बसवला आणि लेथ सुरू केल्याबरोबर जात्यात खडे पडल्यासारखा आवाज.

व्हर्निअर कॅलिपर लावला तर बाहेरचा व्यास ५० मिमी. हवा होता ५०.८.

मायफोर्डचे चेंज गिअर २० डीपीचे. डीपी म्हणजे डायमेट्रल पिच, दाताच्या आकाराचं इंची माप. दातांत दोन मिळवायचे आणि डीपीनं भागायचं, की बाहेरचा व्यास इंचात मिळतो: ४० भागिले २०, बरोबर दोन इंच. मी आणलेला सव्वा मॉड्यूलचा निघाला. मॉड्यूल म्हणजे दाताच्या आकाराचंच माप, पण मिलिमीटरमधलं. तिथे तेच ४० गुणिले १.२५, म्हणजे ५० मिमी. २० डीपीला मॉड्यूलमध्ये बसवलं तर १.२७ येतं. सव्वा आणि १.२७ मधला फरक डोळ्याला दिसत नाही, गिअरला मात्र पहिल्याच फेऱ्यात कळतो. तेव्हा बाजारात जाताना व्हर्निअर खिशात ठेवा. दात तर कुणीही मोजतो.

एवढं शिकून भोसरीत गिअर कापणाऱ्या एका काकांकडे गेलो. २० डीपी, ३८ दात, मी ऐटीत सांगितलं.

"अन् अँगल?"

मी गप्प.

"जुनं इंग्लिश मशीन ना साहेब? म्हणजे साडेचौदा. माझा हॉब विसाचा. कापून देतो, पण आवाज आला तर मला बोलू नका."

हॉब म्हणजे त्यांचं गिअर कापायचं हत्यार. हल्लीचे बहुतेक गिअर २० अंश प्रेशर अँगलचे, मायफोर्डचे साडेचौदाचे. दाताच्या बाजूचा उतारच वेगळा, त्यामुळे डीपी जुळूनही दोघांचं पटत नाही. शेवटी साडेचौदा अंशाचा ३ नंबरचा फॉर्म कटर (३५ ते ५४ दातांना हाच चालतो) मी मागवला आणि काकांनी मिलिंगवर डिव्हायडिंग हेड (काम सारख्या अंतरानं फिरवणारं) लावून कापून दिला. कटर गिअरपेक्षा महाग पडला. नायलॉनचा थ्रीडी प्रिंट केलेला चेंज गिअरही घरगुती कामाला चालतो. बॅकगिअरच्या (वेग कमी करून जोर वाढवणाऱ्या गिअरच्या) जागी मात्र तो प्रयोग करू नका, तिथे जोर फार येतो.

नाव अर्धवट सांगणं

"मायफोर्डचं बेअरिंग आहे का?" या प्रश्नाला उत्तर नाही. एमएल-७ च्या हेडस्टॉकमध्ये, म्हणजे फिरणारा स्पिंडल धरणाऱ्या भागात, व्हाइट मेटलची दोन भागांत उघडणारी बेअरिंग असतात. मायफोर्डच्याच सुपर-७ मध्ये पुढे निमुळता ब्राँझचा बुश आणि मागे बॉल बेअरिंगची जोडी. एमएल-७आर नावाला एमएल-७, पण त्याचा हेडस्टॉक सुपर-७ च्या घराण्यातला. बेडवरची काजळी आणि ग्रीस रॉकेलनं पुसा, कोरलेला सीरियल नंबर उतरवून घ्या. के नं सुरू होत असेल तर एमएल-७, एसके असेल तर सुपर-७. नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनमधला मूळ कारखाना २०११ मध्ये बंद झाला, तरी नाव आणि सुट्या भागांचं काम यॉर्कशायरमधल्या दुसऱ्या कंपनीनं घेतलं, म्हणून बरेच भाग अजून नवे मिळतात. पण कुरिअर आणि कस्टम धरून हिशोब करा, आणि नंबर कळवल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. चुकीचा भाग परत पाठवणं म्हणजे तो दुसऱ्यांदा विकत घेणं.

उलट काही वस्तू "लेथचा भाग" म्हणून मागायच्याच नसतात. मोटरच्या बेअरिंगवर ६२०३ असं कोरलेलं असेल तर ते १७ बाय ४० बाय १२ मिमीचं साधं बेअरिंग आहे. मुंबईत नागदेवीला किंवा तुमच्या गावातल्या कुठल्याही बेअरिंगवाल्याकडे मिळेल. व्ही-बेल्टचंही तेच. एमएल-७ चा आतला बेल्ट बदलायला स्पिंडल काढावा लागतो, म्हणून कड्या जोडून लांबी करता येणारा लिंक बेल्ट घ्या. कंटाळा वाचतो.

न झिजलेला भाग बदलणं

कामावर लाटा उमटतात, टूल थरथरतं, की लगेच "बेअरिंग गेलं". एमएल-७ वर आधी बेअरिंगच्या टोपीखालची शिम (फट भरणारी पट्टी) बघा. ती पातळ पापुद्र्यांची बनलेली असते. चकमध्ये (काम पकडणाऱ्या जबड्यांत) लाकडी दांडा धरून स्पिंडल वर उचलून पाहा, वर डायल गेज ठेवा. काटा थाऊ-दोन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) हलला तर दोन्ही बाजूंच्या शिमचा एकेक पापुद्रा काढा, सारखाच, आणि टोपी घट्ट करून स्पिंडल हातानं सहज फिरतो का बघा. बऱ्याचदा खर्च शून्य. टोप्या उघडताना कोणती शिम कुठली, हे मात्र लगेच पाकिटावर लिहा. एकदा मिसळल्या की संध्याकाळ गेली.

एखादा भाग खरंच झिजला असेल तर कधी कधी कारण तेलाच्या निपलचं असतं. मायफोर्डवरची निपल्स हुबेहूब ग्रीस निपलसारखी दिसतात, आणि आधीच्या मालकानं प्रेमानं ग्रीस भरलेलं असतं. तिथे आयएसओ ३२ चं पातळ तेल जातं.

"हा नमुना घ्या, असाच बनवा"

आपल्याकडची ही सगळ्यात लाडकी पद्धत, आणि सगळ्यात महाग. क्रॉस स्लाईडचं (टूल आडवं सरकवणाऱ्या भागाचं) हँडल पाव फेरा रिकामं फिरतं म्हणून एका ओळखीच्यांनी झिजलेला नट टर्नरला नमुना म्हणून दिला. टर्नर प्रामाणिक. त्यानं गनमेटलचा नट अगदी तसाच बनवला, झिजेसकट. नमुना घ्यायचा तो न झिजलेल्या जागेचा. स्क्रूच्या टोकाला, जिथे नट कधी पोचत नाही, तिथे आटे कोरे असतात. तिथलं माप घ्या. आणि सांगताना आट्यांची संख्या, आकार, दिशा, सगळं पूर्ण सांगा: इंचाला १० आटे, अ‍ॅक्मे, डावे. डावे का? हँडल घड्याळाच्या दिशेनं फिरवल्यावर स्लाईड आपल्यापासून लांब जायला हवी, म्हणून. हा एक शब्द विसरलात तर सुंदर, चकचकीत, निरुपयोगी नट हातात येतो.

स्क्रू किरकोळ वाटतात, पण खरी फसवणूक तिथेच. मायफोर्डवर बरेच आटे बीएसएफ, म्हणजे जुन्या ब्रिटिश बारीक मापाचे. पाव इंची बीएसएफ इंचाला २६, आणि एम-६ इंचाला २५.४. त्यामुळे एम-६ चा स्क्रू त्या भोकात गुमान जातो, बसल्यासारखाही वाटतो, आणि आवळताना एका क्षणी हात हलका लागतो. तेव्हा बिडातले आटे निघालेले असतात. पुण्यातल्या बोहरी आळीतल्या जुन्या दुकानांत बीएसएफ विचारून बघा. भाव ऐकून तोंड वाकडं करू नका, पन्नासेक घेऊन ठेवा.

चकची बॅकप्लेट (चक स्पिंडलला जोडणारी चकती) मागवतानाही तसंच. स्पिंडलच्या तोंडावरचे आटे सव्वाएक इंच नव्हेत, एक आणि एक अष्टमांश इंच, म्हणजे एक इंच एक सूत, इंचाला १२. पिच गेज (आट्यांमधलं अंतर तपासायची पट्टी) दहा आट्यांवर लावा. २ मिमीचा गेज पहिल्या दोन आट्यांत बसतो, दहाव्यापर्यंत मिलिमीटरभर सरकतो.

अडकलेला चक

आता माझं पाप. चक अडकला म्हणून मी बॅकगिअर लावला, स्पिंडल त्यानं जखडला आणि चकच्या चावीवर हातोडा मारला. बुल व्हीलचा (स्पिंडलवरच्या मोठ्या गिअरचा) एक दात उडून कोपऱ्यात गेला. एमएल-७ वर हा दात असाच तुटतो, आणि चेंज गिअरसारखं हे चाक दुपारी उघडून बदलता येत नाही, सगळा हेडस्टॉक सोडवावा लागतो. चक अडकला तर आट्यांत पातळ तेल सोडून रात्रभर थांबा. सकाळी जबड्यांत लांब जाड पट्टी धरा, बेल्ट हातानं आवळून ठेवा आणि पट्टीच्या टोकाला एकच झटका द्या. बसवतानाच दोन्हीकडचे आटे पुसून थेंबभर तेल लावलं असतं तर ही वेळ आली नसती. ते चाक बदलून घ्यायला मला चार महिने लागले, त्यातले तीन तर योग्य चाक शोधण्यात गेले.