गुरूवर धूमकेतू आदळल्याचा डाग गच्चीवरनं कसा पकडायचा

पहिल्यांदा सांगतो, यासाठी दुर्बीण घेऊन पन्हाळ्यावर जायची काय गरज नाही, गुरू एवढा झळझळीत असतोय की कोल्हापूर शहरात राजारामपुरीतल्या गच्चीवरनंपण काम होतंय. फक्त दिवसभर तापलेला स्लॅब जरा निवू द्या, नाहीतर गुरू कढईतल्या भजीगत थरथरतोय.

आठ इंची दुर्बीण, मोनो म्हणजे काळा-पांढरा कॅमेरा (साध्या कलर कॅमेऱ्याला बऱ्याचदा इन्फ्रारेड अडवणारी काच असते) आणि 889 नॅनोमीटरचा, म्हणजे फक्त तेवढाच इन्फ्रारेड प्रकाश आत सोडणारा, मिथेन फिल्टर लागतोय. फिल्टर लई महाग, खिसा बघूनच नाद करा.

आता हाच फिल्टर का? गुरूच्या हवेतला मिथेन नेमका हा प्रकाश गिळतोय, म्हणून अख्खा ग्रह काळपट दिसतो, पण धडकेनं जी धूळ पार वर जाऊन बसलेली असते ती मिथेनच्या वर असल्यामुळं सूर्याचा उजेड परत फेकते. म्हणजे साध्या प्रकाशात काळा दिसणारा डाग इथं चमकतोय. 1994 च्या जुलैत, 16 ते 22 तारखेला, शूमेकर-लेव्ही 9 या धूमकेतूचे तुकडे सेकंदाला 60 किलोमीटरनं गुरूवर आदळले तेही कडेच्या पलीकडं, आपल्याला न दिसणाऱ्या बाजूला, तरी मोठ्या दुर्बिणींच्या इन्फ्रारेड कॅमेऱ्यांना कडेवरनं उठलेला लोळ दिसला, आणि खरा लखलखाट झाला तो पाच-सहा मिनिटांनी, लोळ परत खाली पडून हवा तापली तेव्हा. ते तापणं आपल्या कॅमेऱ्यात येत नाही बरं का, त्याला वेगळे डिटेक्टर लागतात. आपल्या वाट्याला डाग.

फोकस गुरूवर करत बसू नका, त्याच्या चंद्रांवर करा, त्यांच्यावर मिथेन नाही म्हणून ते ठसठशीत दिसतात. एक्सपोजर भरपूर वाढवा, व्हिडिओ दोन-तीन मिनिटांचाच, कारण गुरू दहा तासांच्या आत गिरकी घेतोय आणि चित्र पुसट होतं.

चमकता ठिपका दिसला की लगेच ग्रुपवर नाचू नका. गुरूवरचा तो मोठा तांबडा डाग (म्हणजे कायमचं वादळ) आणि ध्रुवपण मिथेनमध्ये उजळच दिसतात, गुरूच्या पुढनं जाणारा चंद्र तर हमखास फसवतोय. फिल्टर काढून त्याच जागी काळं दिसतंय का बघा, अर्ध्या तासानं परत बघा, ठिपका ढगांच्याच चालीनं सरकला पाहिजे. खरा डाग असला तर तिसऱ्या दिवशी साधारण एक तास चाळीस मिनिटं उशिरानं परत समोर येतोय, रात्री 10 ला दिसलेला 11:40 च्या सुमारास. 2009 ला ऑस्ट्रेलियाच्या अँथनी वेस्ली या हौशी माणसानंच नवा डाग आधी पाहिला आणि मग हवाईतल्या नासाच्या इन्फ्रारेड दुर्बिणीनं तो चमकताना टिपला.