बिगीचं 'जूसी' नीट समजून घ्यायचंय? स्लँग शेवटी बघा

रॅपचे लिरिक्स समजून घ्यायचे म्हटलं की बरेच जण एका टॅबमध्ये गाणं आणि दुसऱ्या टॅबमध्ये स्लँगची डिक्शनरी उघडून बसतात आणि दहा ओळींत कंटाळतात. माझं स्पष्ट मत आहे, स्लँग सगळ्यात शेवटी. आधी गाणं कुठल्या साली आलं, तो माणूस कुठल्या गल्लीत वाढला आणि गाण्यात नावं कोणाकोणाची आलीयत ते बघा, कारण रॅपर ज्यांच्यासाठी लिहितो त्यांना हे सगळं आधीच माहीत असतं, तो ते समजावत बसत नाही, आणि आपलं घोडं नेमकं तिथेच अडतं.

न्यूयॉर्कचा रॅपर नोटोरियस बी.आय.जी. उर्फ बिगी, त्याचं 'जूसी' घेऊन करून बघू. खरं नाव ख्रिस्तोफर वॉलेस, जन्म १९७२, ब्रुकलिन. गाणं १९९४ च्या ऑगस्टमध्ये आलं आणि पुढच्याच महिन्यात 'रेडी टू डाय' हा त्याचा पहिला अल्बम.

आधी दोनतीनदा लिरिक्स न बघता ऐका, आवाजाचा मूड पकडा, कुठे हसतोय कुठे चिडलाय ते कळलं तरी पुरे. मग जीनियससारख्या साइटवर लिरिक्स उघडा. तिथल्या टिपा बहुतेक फॅन्सनीच लिहिलेल्या असतात, काही फार भारी असतात, काही नुसत्या अंदाजाने ठोकलेल्या, म्हणून खुद्द कलाकाराने व्हेरिफाय केलेली टीप वेगळी धरा आणि बाकीच्यांना दुसरीकडून दुजोरा मिळेपर्यंत थांबा. गाण्याआधी जे नुसतं बोललंय ते अजिबात सोडू नका. 'जूसी'च्या सुरुवातीला बिगी हा अल्बम त्या शिक्षकांना अर्पण करतो जे म्हणायचे तुझं काही होणार नाही, आणि ज्या बिल्डिंगसमोर तो उभा राहून ड्रग्जचा धंदा करायचा तिथल्या, पोलिसांना फोन करणाऱ्या लोकांना, कारण मला माझ्या मुलीला खाऊ घालायचं होतं म्हणतो. पुढचं सगळं गाणं कोणाला उद्देशून आहे ते इथेच कळतं.

आता नावं. कागद घ्या आणि गाण्यातलं प्रत्येक नाव लिहा, माणूस, मासिक, रेडिओ शो, कंपनी, सगळं. ह्याला वेळ लागतो पण खरी मजा इथेच आहे. पहिल्याच कडव्यात 'वर्ड अप' येतं, ते रॅप स्टार्सचे फोटो छापणारं मासिक, पोरं त्यातली पोस्टर्स काढून भिंतीवर लावायची. बिगीच्या भिंतीवर लिमोझिनमध्ये बसलेले सॉल्ट अँड पेपा आणि हेवी डी आहेत. ही लिमोझिन लक्षात ठेवा, कारण पुढे पैसे आल्यावर तो स्वतःच्या गाड्या मोजतो तेव्हा त्यात ड्रायव्हरसकट लिमोझिन असते, म्हणजे भिंतीवरचं पोस्टर खाली दारात येऊन उभं राहिलंय, आणि हे तो कुठेही फोड करून सांगत नाही. शिवाय हेवी डी ज्या अपटाउन रेकॉर्ड्स ह्या रेकॉर्ड कंपनीचा स्टार होता तिथेच शॉन कोम्ब्स म्हणजे पफ डॅडी कामाला होता, बिगीला त्यानेच आधी तिथे घेतलं, १९९३ मध्ये कोम्ब्सला तिथून काढलं आणि मग बिगी त्याच्या बॅड बॉय ह्या नव्या लेबलवर, म्हणजे रेकॉर्ड कंपनीत आला. एका नावाच्या मागे एवढं.

मग मिस्टर मॅजिक आणि मार्ली मार्ल. ८० च्या दशकात न्यूयॉर्कच्या डब्ल्यूबीएलएस स्टेशनवर 'रॅप अटॅक' नावाचा शो होता, मॅजिक बोलायचा आणि मार्ली मार्ल रेकॉर्ड्स वाजवायचा, आणि तेव्हा मोठ्या स्टेशनवर रॅप ऐकायला मिळणं हीच मोठी गोष्ट होती. म्हणून टेप तुटेस्तोवर वाजवल्याची ओळ तिथे येते. रॅपिन ड्यूकचं नाव तर बहुतेक जण ऐकून सोडून देतात. ते ८० च्या दशकाच्या मध्यातलं एक गमतीचं गाणं, ज्यात काउबॉय नट जॉन वेनच्या आवाजाची नक्कल करून रॅप केलंय. लगेच पुढे बिगी म्हणतो की हिपहॉप एवढ्या लांब येईल असं कोणाला वाटलं नव्हतं. गंमत म्हणून ज्याच्याकडे बघितलं जायचं तेच आता ह्याचं घर चालवतंय, हे त्या नावाशिवाय कळतच नाही. रॉन जी, ब्रूसी बी, किड कॅप्री हे डीजे, रस्त्यावर फिरणाऱ्या मिक्सटेप्समुळे, म्हणजे स्वतः गाणी जोडून केलेल्या कॅसेट्समुळे नाव झालेले, त्यांना बिगी गाण्यात सलाम करतो.

साल का बघायचं, तर वर्ल्ड ट्रेड सेंटरची ओळ. आज ऐकलं की अंगावर येते आणि लोकांना ९/११ आठवतं, पण गाणं १९९४ चं आहे. तो बोलतोय २६ फेब्रुवारी १९९३ बद्दल, त्या दिवशी टॉवरखालच्या पार्किंगमध्ये गाडीत ठेवलेला बॉम्ब फुटला आणि ६ माणसं गेली. आपलं नावही तसंच धडाक्यात फुटणार असं त्याचं म्हणणं. २००१ नंतर ही ओळ रेडिओवर बऱ्याचदा गाळली गेली, त्यामुळे तुमच्याकडच्या व्हर्जनमध्ये तिथे गॅप आली तर दुसरं व्हर्जन शोधा.

जागेसाठी मॅप उघडा. बिगी वाढला ती गल्ली म्हणजे ब्रुकलिनमधल्या क्लिंटन हिलची सेंट जेम्स प्लेस, तिथून फुल्टन स्ट्रीट जवळच. घरमालकाने त्रास दिला, हीट नव्हती, ख्रिसमस आमच्याकडे आलाच नाही अशा अर्थाच्या ओळी आहेत. न्यूयॉर्कच्या जुन्या बिल्डिंगांमध्ये थंडीत घर गरम ठेवणं ही घरमालकाची कायदेशीर जबाबदारी असते, बॉयलर त्याच्या ताब्यात, त्याने दुर्लक्ष केलं की अख्खं घर काकडतं. म्हणजे ही तक्रार हवामानाची नाहीये, मालकाबद्दल आहे.

बीटचीही चौकशी करा, कुठल्या गाण्यात कुठल्या जुन्या गाण्याचा तुकडा वापरलाय ते हूसँपल्ड साइटवर लगेच सापडतं. 'जूसी' उभं आहे एमटूमे बँडच्या १९८३ च्या 'जूसी फ्रूट'वर. बँडचा जेम्स एमटूमे आधी जॅझवाल्या माइल्स डेव्हिसबरोबर वाजवायचा आणि त्याने सँपलिंगवर, म्हणजे जुन्या गाण्याचा तुकडा उचलून नवं गाणं करण्यावर, जाहीर टीका केली होती, ज्याला स्टेट्सासॉनिक ह्या रॅप ग्रुपने १९८८ मध्ये गाण्यातूनच उत्तर दिलं. त्याच माणसाची धून पुढे रॅपमधल्या सगळ्यात लाडक्या गाण्यांपैकी एकाचा पाया झाली, मला हे फार आवडतं.

आणि आता जपून करायची गोष्ट. गाण्यात एका खोलीचं झोपडं आहे, जेवायला सार्डिन्स आहेत. पण बिगीची आई व्होलेटा वॉलेस, जमैकाहून आलेली, लहान मुलांच्या शाळेत शिकवणारी, तिने नंतर स्पष्ट सांगितलं की आमचं घर असं नव्हतं. म्हणून लगेच पोरगा खोटारडा ठरवू नका. ह्याच अल्बममधल्या 'गिमी द लूट'मध्ये तो दोन चोरांचे दोन्ही आवाज स्वतःच काढतो, म्हणजे पात्र उभं करणं हा त्याच्या कामाचा भाग होता, आणि हीट नसलेली घरं आजूबाजूला खरोखर होतीच. मी अशा ठिकाणी दोन रकाने करते, गाण्यातला माणूस काय म्हणतो आणि मुलाखती, नोंदी काय सांगतात, आणि दोन्ही तसेच ठेवते. फक्त 'मी असं ऐकलंय' छापाच्या गोष्टी कुठल्याच रकान्यात घालू नका, विशेषतः मार्च १९९७ मधल्या त्याच्या खुनाबद्दल, तिथे अफवांना अंत नाही.

एवढं झाल्यावर स्लँग बघा. अर्ध्याहून जास्त शब्द संदर्भावरूनच लागलेले असतील, राहिलेले शोधताना ते १९९४ च्या न्यूयॉर्कमध्ये कसे वापरले जायचे तेवढंच बघा, आजचा अर्थ लावू नका.

पुढचं गाणं लांबचं घेऊ नका. त्याच साली एप्रिलमध्ये नास ह्या रॅपरचा 'इलमॅटिक' हा अल्बम आला, नास न्यूयॉर्कमधल्याच क्वीन्सब्रिज वस्तीचा, आणि मार्ली मार्लही क्वीन्सब्रिजचाच, म्हणजे तुमच्या यादीतलं एक नाव तिथे आधीच हजर आहे.