गाव नसलं तरी तळकोकणातली जत्रा बघता येते, मुंबईहून कसं जायचं ते सांगते

कोकणात जायचं म्हटलं की आपल्याकडे मे महिना ठरलेला, आंबे-फणस, तारकर्लीचा समुद्र, मालवणात मासे खायचे आणि परत मुंबई. मजा येतेच, नाही कशाला म्हणू, पण तळकोकण म्हणजे सिंधुदुर्ग जिल्हा खरा कळतो तो थंडीत आणि तोही रात्री, देवळासमोर चटई टाकून बसल्यावर. माझं तिकडे गाव नाही, मी गिरगावात वाढलेली, चाळीतल्या शेजारच्या काकू त्यांच्या गावच्या जत्रेला घेऊन गेल्या तेव्हा पहिल्यांदा बघितलं आणि तेव्हापासून दरवर्षी जाते. खूप जण म्हणतात आमचं गाव नाही तिकडे, ओळख नाही, कसं जाणार, म्हणून हे लिहितेय.

आधी दिवस ठरवा. कार्तिक पौर्णिमेच्या आसपास जत्रा चालू होतात आणि पुढे थंडीभर आज या गावाला उद्या त्या गावाला असं चालतं. प्रत्येक गावच्या देवाची तिथी वेगळी, त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते, कॅलेंडरात सगळ्या सापडत नाहीत. सोपा मार्ग म्हणजे जिथे राहणार आहात तिथल्या माणसाला बुकिंग करतानाच विचारायचं की आम्ही येतोय तेव्हा जवळपास कुठे जत्रा आहे का, आणि असेल त्याप्रमाणे दोन दिवस इकडेतिकडे करायचे. नाहीतर भांडुप, लालबाग, डोंबिवली कुठेही मालवणी माणूस भेटेलच, त्याला विचारा, तो तिथी तर सांगतोच, वर कोणाच्या घरी उतरायचं तेही सांगतो.

तिकीट ६० दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी सकाळी काढून टाका, जत्रेच्या दिवसांत चाकरमानी पण निघालेले असतात. रात्रीची गाडी घ्या, सीएसएमटीहून कोकणकन्या किंवा दादरहून तुतारी. तुतारीत एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, ती मध्यरात्री १२ नंतर सुटते म्हणजे शुक्रवारी रात्री जेवून निघणार असाल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं लागतं, माझ्या मावसभावाने शुक्रवारचं काढलं होतं आणि तो स्टेशनवर पोचला तेव्हा त्याची गाडी आदल्या रात्रीच गेलेली. उतरायचं कुडाळला. मुक्काम पण कुडाळातच करा, मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी तिन्हीकडे तिथून एसटी मिळते.

आता जत्रेचं. दिवसा जाऊन देवीची ओटी भरायची किंवा केळी-नारळ ठेवायचे, जे गावात चालतं ते बाजूच्या बाईला विचारून करा, कोणी परकं समजत नाही. गाऱ्हाणं घालताना थांबाच, गावकरी देवाला हाक मारून एकेकाचं सांगत जातात आणि सगळे मिळून "होय म्हाराजा" म्हणतात, ते अंगावर येतं अक्षरशः. काही गावांचा देवाशी वागायचा आपला प्रकार असतो. आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचा घड आणि भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात असं लोक मानतात. सोनुर्लीच्या माऊलीच्या जत्रेत लोक लोटांगणं घालतात. आणि सातेरी देवीच्या देवळात कित्येक ठिकाणी मूर्तीऐवजी वारूळच पुजलेलं दिसेल, तिथे मूर्ती कुठेय असं मोठ्याने विचारू नका प्लीज.

रात्री पालखीची प्रदक्षिणा होते आणि मग दशावतार, म्हणजे इथलं रात्रभर चालणारं लोकनाट्य. याच्यासाठीच एवढा प्रवास. सुरुवातीला गणपती येतो, मोरावर बसून सरस्वती येते, भटजी येतो, मग काळा संकासुर राक्षस येतो आणि मालवणीतून असा काही बोलतो की लहान मुलं झोपेतून उठून बसतात. त्यानंतर मुख्य आख्यान, पुराणातली गोष्ट, आणि त्याला लिहिलेली संहिता नसते, गोष्ट ठरलेली, संवाद तिथल्या तिथे उभे राहून बोलतात. बायकांची कामं पुरुषच करतात, साथीला पायपेटी, मृदंग आणि झांज. मेकअप ज्याचा तोच करतो, विचारून बाजूला बसलात तर एक माणूस तासाभरात राणी होताना बघायला मिळतो. मध्येच उठून जाऊ नका, पहाटे दहीहंडी फोडतात तिथे सगळं संपतं, त्यालाच दहीकाला म्हणायचं, मालवणीत धयकालो. सोबत स्वेटर, कानटोपी, चटई आणि टॉर्च न्या, दंव खूप पडतं. मोबाईलचा फ्लॅश मारू नका, समोर काम करणाऱ्याच्या डोळ्यावर येतो. आणि निघताना खाजं घ्या, गुळाचं आणि आल्याचं, जत्रेहून घरी खाजं नेलंच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपा, मग पिंगुळी. कुडाळला लागूनच आहे, रिक्षाने जा. तिथले ठाकर समाजाचे लोक चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करतात, एका आख्यानाच्या चित्रांची एक पोथी, एकेक चित्र समोर धरून गोष्ट गाऊन सांगायची. परशुराम गंगावणे यांना याच कामासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्यांच्या घरच्यांनी जुन्या चित्रांचं, बाहुल्यांचं म्युझियम केलंय. आधी फोन करून जा, खेळ बघा आणि जमलं तर एखादं चित्र विकत घ्या. रात्रीचा दशावतार बघून आलात की पिंगुळीतली चित्रं वेगळीच दिसतात, तेच राजे तेच राक्षस.

एक दिवस सावंतवाडीला द्या. राजवाड्यात गंजिफा रंगवताना बघायला मिळतात, गोल पत्ते, दशावतारी संचात १० अवतारांचे १२-१२ म्हणजे १२० पत्ते. लाकडी खेळणी चितार आळीत घ्या. वेळ उरला तर आंबोलीला वर जा, धबधबे पावसाळ्यातलेच पण हिरण्यकेशीचं देऊळ कधीही बघा, तिथल्या कुंडात शिस्टुरा हिरण्यकेशी नावाचा छोटासा मासा मिळाला आणि त्याच्यासाठी २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. पाण्यात हातपाय धुवू नका. मालवण तालुक्यातल्या धामापूरचा तलाव आणि काठावरचं भगवतीचं देऊळ मात्र संध्याकाळी.

मसुरे गावातल्या आंगणेवाडीची भराडी देवी या सगळ्यात धरू नका, तिचं वेगळं प्लॅनिंग लागतं. तिथली तारीख पंचांगात नसते, देवीचा कौल घेऊन ठरते, आणि गर्दी लाखांत. तारीख जाहीर झाली की मुंबईत बातमी पसरायला वेळ लागत नाही, जादा एसटी आणि स्पेशल गाड्या सोडतात, त्यांचं बुकिंग उघडलं की लगेच काढा आणि नाहीच मिळालं तर कणकवलीपर्यंत मिळेल ते घ्या, पुढे मसुऱ्यापर्यंत एसटी त्या दिवशी सतत चालू असते.