कॉलेजची जुनी इमारत सुधारायची आहे? आधी एक पावसाळा नीट पाहा

गोव्यातल्या एखाद्या कॉलेजला इमारत सुधारण्यासाठी निधी मंजूर झाला की पहिल्याच बैठकीत यादी होते: वातानुकूलित सभागृह, दर्शनी भागाला काच, स्मार्ट वर्ग. मी फर्मागुडीच्या अभियांत्रिकी कॉलेजात स्थापत्य शिकले आणि पुढची सगळी नोकरी शैक्षणिक इमारतींच्या देखभालीत केली. माझे कळकळीचे सांगणे आहे की ही यादी थोडे महिने बाजूला ठेवा. आपल्याकडे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो. पाणी कुठून शिरते हे कळल्याशिवाय केलेले नवे काम दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे धरते.

शिवाय आपल्या इमारतींचे वयही झाले आहे. धेंपे आणि चौगुले ही गोव्यातली मुक्तीनंतरची पहिली कॉलेजे १९६२ सालची, ताळगाव पठारावरचे विद्यापीठ १९८५ चे. त्या काळातले काँक्रीट समुद्राचा खारा वारा इतकी वर्षे खात आले आहे.

तेव्हा जूनमध्येच कामाला लागा. प्रत्येक मजल्याचा नकाशा मोठ्या कागदावर छापून घ्या. जिथे ठिबकते तिथे लाल खूण, भिंतीत पायाकडून ओल चढते तिथे निळी, आणि शेजारी तारीख, वेळ, पावसाचा जोर. वेळ लिहायचा कंटाळा करू नका, कारण निदान तिथेच आहे. पाऊस सुरू झाल्यावर तासाभरात ठिबकू लागले तर भेग किंवा पाइपाभोवतीचा सांधा उघडा आहे. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी ठिबकतच राहिले तर गच्चीवरच्या कोब्यात पाणी साचून मुरलेले आहे. आणि एप्रिलच्या कोरड्या दिवसांतही ओल असेल तर पावसाला दोष देऊ नका, वरच्या मजल्यावरच्या शौचालयाची पाइपलाइन तपासा. नैऋत्येची झड ज्या भिंतीवर येते तिथल्या खिडक्यांच्या कडा हाताने चाचपून बघा. कुठे कुठली बादली ठेवावी लागते हे झाडलोट करणाऱ्या बायकांना आणि शिपायांना पाठ असते, म्हणून नकाशा घेऊन आधी त्यांच्याबरोबर फिरा. माझ्या अनुभवात सल्लागाराच्या अहवालापेक्षा या फेरीतून जास्त कळते.

दुसरे काम म्हणजे काँक्रीटची तपासणी, आणि इथे घाई अजिबात नको. २०२३ च्या जुलैत पणजीच्या कला अकादमीत दुरुस्तीचे काम चालू असताना खुल्या रंगमंचाचे छत कोसळले, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. ज्या छताखाली शंभर मुले बसतात तिथे अंदाजाने चालत नाही. लहान हातोडीने तुळया, खांब आणि स्लॅबची खालची बाजू ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला की आत थर सुटलेला आहे. लोखंड गंजले की कित्येक पट फुगते आणि बाहेरचे काँक्रीट ढकलून देते. तळाला सळीच्या रेषेत सरळ भेग दिसली तर ती गंजाचीच समजा.

आता एक साधी चाचणी, जी तुमच्या रसायनशास्त्र विभागाच्या मदतीने करता येईल. स्लॅबचा छोटा तुकडा नुकताच फोडून, धूळ फुंकून, त्या ताज्या पृष्ठभागावर फिनॉल्फ्थॅलीन हे रंग बदलणारे द्रावण फवारा. निरोगी काँक्रीट अल्कधर्मी असते, ते गडद गुलाबी होते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने ज्याचा अल्कधर्म गेला तो भाग रंग धरत नाही. बाहेरून हा बिनरंगी पट्टा किती खोल गेला आहे ते पट्टीने मोजा. तो सळीपर्यंत पोचला असेल तर सळीचे संरक्षण संपले. पण गुलाबी रंग दिसला म्हणून निर्धास्तही होऊ नका, कारण समुद्राजवळ मिठातले क्लोराइड गुलाबी काँक्रीटमध्येही सळी गंजवतात. त्यासाठी प्रयोगशाळेत वेगळी तपासणी करून घ्या. काँक्रीट न फोडता त्याची मजबुती तपासणाऱ्या रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक चाचण्यांसाठी संरचना अभियंता नेमावाच लागेल. दुरुस्ती करताना सळीच्या मागेपर्यंत काँक्रीट काढून, गंज घासून, लेप देऊन पॉलिमर मॉर्टरने भरायला सांगा. वरवर सिमेंट थापून रंग मारणारा कंत्राटदार स्वस्त वाटतो, पण त्या गिलाव्याखाली गंज चालूच राहतो.

गच्चीवर लोखंडी सांगाड्यावर पत्रे घालणे हा आपल्याकडचा रूढ उपाय आहे आणि माझ्या मते तो योग्यही आहे. फक्त सौर पॅनेल बसवायचे असतील तर ते आधी ठरवा. एका किलोवॉटला साधारण दहा चौरस मीटर जागा लागते, आणि पॅनेलचे वजन व वाऱ्याचा जोर धरून सांगाड्याचे गणित व्हायला हवे. पत्रे घातल्यावर त्यांना भोके पाडत बसलात तर गळती पुन्हा सुरू. पन्हळी रुंद ठेवा, म्हणजे पाला काढायला माणसाचा हात आत जाईल.

चिऱ्यांच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, जुन्या इमारतीला वेगळी वागणूक लागते. चिरा सच्छिद्र, तो ओल घेतो आणि सोडतो. त्यावर घट्ट सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक रंग चढवला की ओल आत कोंडते आणि वर चढत जाते. चुन्याचा गिलावा आणि चुन्याचाच रंग वापरा. आणि पाडण्याची भाषा लगेच करू नका. पणजीतल्या जुन्या गोमेकॉची, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजची, इमारत २००४ च्या इफ्फी या चित्रपट महोत्सवासाठी दुरुस्त झाली आणि वापरात आली. पाडण्याआधी दुरुस्तीचे अंदाजपत्रक तरी करून बघा.

वायरिंगचे थोडक्यात. एसी मागवण्याआधी इमारतीचा एकूण विद्युत भार मोजून घ्या. ओल येणाऱ्या भिंतीवर वितरण पेटी नको. प्रत्येक प्रयोगशाळेला तीस मिलीअँपिअरचा गळती-रोधक ब्रेकर हवाच. पंचाहत्तर वॉटचे जुने पंखे काढून तीस वॉटच्या आसपासचे, कमी वीज खाणाऱ्या मोटरचे बीएलडीसी पंखे बसवले तर बिलातला फरक लगेच दिसतो. नेटवर्कची केबल घालताना शेजारी एक रिकामा पाइप टाकून ठेवा.

उतारमार्गाबद्दल मात्र मला जास्त बोलायचे आहे, कारण तो सगळीकडे शेवटच्या आठवड्यात, उरलेल्या सिमेंटमध्ये होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर शैक्षणिक इमारती सर्वांना वापरता येण्याजोग्या करणे बंधनकारक आहे. उतार एकास बारापेक्षा तीव्र नको. म्हणजे पंधरा सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या चढायच्या तर उतार पाच मीटर चाळीस सेंटिमीटर लांब हवा. एवढी जागा नकाशातच राखावी लागते. रुंदी किमान एक मीटर वीस, दोन्ही बाजूंना कठडा, वर छप्पर. छप्पर नसेल तर जुलैत शेवाळ धरते आणि धडधाकट माणूसही घसरतो. गुळगुळीत ग्रॅनाइट तिथे कदापि नको, खरखरीत फरशी घाला. मग एक व्हीलचेअर आणा आणि ती वापरणारा विद्यार्थी असेल तर त्याला विनंती करा की फाटकापासून वर्ग, ग्रंथालय, शौचालय, कॅन्टीन असे आपल्याबरोबर चला. शौचालयाच्या दारापाशी तो अडला तर त्या दाराची मोकळी रुंदी नव्वद सेंटिमीटर करा. तो जिथे जिथे थांबेल ती तुमच्या कामाची यादी.

वेळापत्रक असे बांधा: गणेश चवथीपर्यंत नकाशे आणि अंदाजपत्रक, दसऱ्याच्या सुमारास निविदा, दिवाळीनंतर कार्यादेश. फोडाफोडीची कामे सुट्टीत घ्या आणि परीक्षेच्या दिवसांत ड्रिल बंद ठेवा. एका वेळी एकाच मजल्याची शौचालये बंद करा, मुलींची तर कधीही सगळी एकदम नाही. गच्चीचे जलरोधन मार्चअखेर संपवा आणि एप्रिलमध्ये गच्चीवर पाणी कोंडून अठ्ठेचाळीस तास ठेवा. खालची छते कोरडी राहिली तरच ते काम स्वीकारा. कंत्राटदाराची सुरक्षा ठेव एक पूर्ण पावसाळा गेल्याशिवाय परत करायची नाही, हे निविदेतच लिहा. नंतर वाद नको.

शेवटी कंत्राटदाराकडून प्रत्यक्षात झालेल्या कामाचे नकाशे घ्या, पाइप आणि केबल कुठून गेल्या ते दाखवणारे, गिलावा करण्याआधीच्या फोटोंसकट. त्यांची एक प्रत प्राचार्यांच्या कपाटात असू द्या, पण दुसरी वायरमन आणि प्लंबरच्या खोलीत, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा. पन्हळी साफ करायची तारीख मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात धरा आणि ती वार्षिक देखभालीच्या करारात नोंदवा.