बडोद्यात नोटरीकडे जाण्यापूर्वी

नोकरीसाठी, बदलीवर, महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकण्यासाठी किंवा लग्न होऊन महाराष्ट्रातून बडोद्यात आलेल्या माणसाला पहिल्या काही महिन्यांतच नोटरीची गरज पडते. घरमालक भाडेकरार मागतो, प्रवेशाच्या वेळी शिक्षणात खंड पडल्याबद्दलचे प्रतिज्ञापत्र मागितले जाते, कुठे आधार आणि गुणपत्रिका यांतील नावे जुळत नाहीत, तर कुठे गावाकडच्या जमिनीचे काम भावावर सोपवायचे असते. ‘दहा मिनिटांचे काम आहे’ असे सगळेच सांगतात, आणि नोटरीसमोरचा वेळ तेवढाच असतो हे खरेही आहे. परंतु त्या दहा मिनिटांत कागदावर जे कायम होते ते पुढे बदलायचे म्हटले तर फार जड जाते. म्हणून तयारी घरी, आदल्या दिवशी आणि सावकाश करावी, असे या शहरात बरीच वर्षे काढलेल्या माझ्यासारख्याचे कळकळीचे सांगणे आहे.

नोटरीच्या शिक्क्याचा अर्थ आधी नीट ध्यानात घ्यावा. नोटरी हा नोटरी अधिनियम, १९५२ खाली केंद्र किंवा राज्य सरकारने नेमलेला वकील असतो. सर्वसाधारणपणे त्याची किमान दहा वर्षे, आणि महिला व मागासवर्गीय उमेदवारांच्या बाबतीत सात वर्षे, वकिली झालेली असावी लागते. आपण प्रत्यक्ष त्याच्यासमोर आलात, आपली ओळख पटली आणि आपण सही केलीत, याची ग्वाही त्याचा शिक्का देतो. कागदातला मजकूर खरा आहे याची हमी तो देत नाही, आणि नोटरी केल्याने कोणाला मालकी हक्कही मिळत नाही. मजकुराची जबाबदारी सही करणाऱ्याची असते. शपथेवर खोटे लिहून दिल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ नुसार न्यायालयाबाहेरच्या प्रकरणातही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तसेच नोटरीच्या कागदावर विवाह होत नाही आणि घटस्फोटही होत नाही. केंद्रीय कायदा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नोटरींना हे पुन्हा बजावले आहे, तेव्हा तसे काम करून देतो म्हणणाऱ्याच्या वाटेला जाऊ नये.

कुठे जावे याबद्दल जुने बडोदेकर अजूनही सवयीने ‘न्यायमंदिरापाशी जा’ असे सांगतात. १८९६ ची ती देखणी इमारत शहराच्या मध्यात उभी आहे, पण तिथले जिल्हा न्यायालय २०१८ मध्ये दिवाळीपुऱ्यातील नव्या संकुलात गेले, आणि वकिलांची मोठी वर्दळ आता तिथेच असते. कोठी परिसरातही मुद्रांक आणि दस्तलेखनाची कामे करणारे भेटतात. मात्र रस्त्यात कोणी ‘नोटरी करायची आहे का?’ असे विचारत जवळ आला म्हणून त्याच्या हाती कागद देऊ नये. ओळखीच्या वकिलाकडून नोटरीचे नाव घ्यावे, फोन करून वेळ ठरवावी, आणि त्याच फोनवर कोणते मूळ कागद लागतील, साक्षीदार लागेल का, हे विचारून लिहून ठेवावे.

आता भाषेकडे येतो, कारण आपल्या माणसांची सर्वांत जास्त अडचण इथेच होते. महाराष्ट्रातून आलेल्याला गुजराती बोललेले दोन-चार महिन्यांत कळू लागते, आणि त्या कळण्याच्या भरवशावर तो गुजरातीत टाइप केलेल्या कागदावर सही करतो. ऐकून कळणे वेगळे आणि कायद्याची गुजराती वाचणे वेगळे. लिपीला शिरोरेषा नाही, काही अक्षरे देवनागरीसारखीच दिसतात तर काही मुळीच नाहीत, आणि पाचाचा आकडा व ‘प’ हे अक्षर तर जवळजवळ एकसारखे दिसते. भाड्याची रक्कम किंवा तारीख वाचताना एवढी गल्लत पुरेशी असते. टाइप करणारा घाईत असतो आणि त्याच्याकडे तयार नमुने असतात, म्हणून तो साहजिकच गुजराती मसुदा पुढे करतो. आपण नम्रपणे पण ठामपणे इंग्रजी मसुदा मागावा. तो बहुतेक ठिकाणी चालतो आणि पुढे महाराष्ट्रातल्या कचेरीत दाखवायचा झाला तर भाषांतराचा खर्चही वाचतो. ज्या कार्यालयाला गुजरातीच हवी असेल तिथे गुजराती वाचणाऱ्या शेजाऱ्याला बसवून ओळ न् ओळ ऐकावी, आणि ‘हा मजकूर मला मराठीत वाचून समजावून सांगण्यात आला व तो मला समजला’ असे वाक्य शेवटी घालून घ्यावे. ज्या आई-वडिलांना मराठीशिवाय दुसरे काही वाचता येत नाही त्यांच्यासाठी हे वाक्य अत्यावश्यक समजावे. एखाद्या आजींना ‘बा, अहीं सही करो’ म्हणून बोट दाखवले जाते आणि त्या बिचाऱ्या विश्वासाने सही करतात, हे पाहून मला दर वेळी वाईट वाटते. त्यांच्या शेजारी घरातले कोणीतरी उभे असलेच पाहिजे.

भाषेइतकीच काळजी नावाची घ्यावी लागते. आपल्याकडे स्वतःचे नाव, मग वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम असतो. इथल्या शाळा-कचेऱ्यांत बहुतेक ठिकाणी आडनाव आधी लिहितात. त्यात भर म्हणजे आदराने लावलेले भाई आणि बेन कागदावरही उतरतात. आमच्या सोसायटीत जळगावहून आलेल्या एका ताईंच्या बाबतीत असेच झाले. आधारवर त्यांचे नाव नुसते ‘सुनीता’, पतीच्या नावापुढे काही नाही. टाइप करणाऱ्याने मात्र सवयीने ‘सुनीताबेन’ आणि पतीच्या नावापुढे ‘भाई’ असे लिहिले. बँकेने तो कागद परत केला, आणि ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे सांगणारे आणखी एक प्रतिज्ञापत्र करावे लागले. टाइप करणाऱ्याचा हेतू चांगलाच होता, पण खर्च आणि हेलपाटा ताईंना पडला. तेव्हा नाव तोंडी सांगू नये. आधारची झेरॉक्स समोर ठेवावी, जे ज्या क्रमाने छापले आहे तेच त्याच क्रमाने लिहायला सांगावे, आणि छपाई निघाल्यावर एकेक अक्षर ताडून पाहावे. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांनी माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे दाखवणारे विवाह प्रमाणपत्र बरोबर ठेवावे. गुणपत्रिका माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या नावाने, ही स्थिती घरोघरी आहे.

गुजरातेत १ ऑक्टोबर २०१९ पासून छापील मुद्रांक कागदाची विक्री बंद झाली असून ई-स्टॅम्प, म्हणजे मुद्रांक शुल्क भरल्याचे संगणकावरून छापलेले प्रमाणपत्र, घ्यावा लागतो. त्यावर पहिला पक्षकार, दुसरा पक्षकार, मुद्रांक शुल्क कोण भरत आहे आणि कशासाठी, हे सर्व छापून येते. म्हणून नावाबद्दल वर सांगितलेली दक्षता ई-स्टॅम्प घेतानाच घ्यायची असते, मसुदा टाइप होईपर्यंत थांबायचे नसते. एकदा छापलेल्या ई-स्टॅम्पवर पेनाने दुरुस्ती चालत नाही. त्यावर ‘आयएन-जीजे’ या अक्षरांनी सुरू होणारा प्रमाणपत्र क्रमांक असतो. ई-स्टॅम्पची व्यवस्था पाहणाऱ्या स्टॉक होल्डिंग कॉर्पोरेशनच्या संकेतस्थळावर तो घालून ई-स्टॅम्प खरा आहे की नाही हे लगेच पाहता येते, आणि ते जरूर पाहावे. ई-स्टॅम्पची तारीख सहीच्या दिवसाची किंवा त्याआधीची असावी. किती रुपयांचा घ्यायचा हे दस्ताच्या प्रकारावर ठरते आणि दरही अधूनमधून बदलतात, त्यामुळे मागच्या वर्षी मित्राने किती भरले यावर विसंबू नये.

भाडेकराराबद्दल पुण्या-मुंबईहून आलेल्यांचा हमखास गोंधळ होतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ मुळे तिकडे लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी सक्तीची आहे, आणि घरबसल्या ऑनलाइन नोंदणी करायची सवय लोकांना झालेली आहे. इथे तो कायदा लागू नाही. नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी आवश्यक असते, म्हणून अकरा महिन्यांचा करार करून तो नोटरी करण्याची प्रथा पडली आहे. घरमालक आपल्याला फसवत आहे असा संशय नवीन माणसाला येतो, तो बहुधा अनाठायी असतो. खरी दक्षता मजकुरात घ्यावी: डिपॉझिट किती आणि किती दिवसांत परत मिळणार, घर सोडण्याची सूचना किती आधी द्यायची, सोसायटीचा मेन्टेनन्स आणि लाइटबिल कोणी भरायचे, हे आकड्यांसह लिहिलेले असावे. घर खरोखर त्याच माणसाच्या नावावर आहे का, हे महानगरपालिकेचे वेराबिल (मालमत्ता कराचे बिल) आणि लाइटबिल पाहून खात्री करावी. ते मागण्यात संकोच वाटू देऊ नये. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचे कामही त्याच आठवड्यात उरकून घ्यावे.

गावाकडच्या मालमत्तेसाठी कुलमुखत्यारपत्र करायचे असेल तर मात्र थांबून विचार करावा. सातबाऱ्याच्या अर्जासाठी, वीजजोडणीसाठी किंवा तलाठ्याकडच्या कामासाठी नोटरीसमोर केलेले मुखत्यारपत्र साधारणपणे उपयोगी पडते, आणि नोटरीने प्रमाणित केलेल्या मुखत्यारपत्राला पुराव्याच्या कायद्यातही अनुकूल गृहीतक आहे. पण जमीन किंवा सदनिका विकायची असून आपण सही केलेला दस्त दुसऱ्याने तिकडच्या दुय्यम निबंधकासमोर सादर करायचा असेल, तर नोंदणी अधिनियमाचे कलम ३३ आड येते. भारतात राहणाऱ्या माणसाने त्या कामासाठीचे मुखत्यारपत्र तो जिथे राहतो तिथल्या निबंधकासमोर किंवा दुय्यम निबंधकासमोर करून प्रमाणित करून घ्यावे लागते. नोटरीचा शिक्का तिथे पुरत नाही. मकरपुऱ्यात काम करणाऱ्या, नाशिककडच्या एका तरुणाचे वडील केवळ एवढ्यासाठी ठरलेल्या दिवशी नोंदणी कार्यालयातून रिकाम्या हाताने परतले आणि खरेदीदाराची मनधरणी करावी लागली. आधी गावाकडच्या नोंदणी कार्यालयात किंवा तिथल्या वकिलाकडे कोणत्या प्रकारचे मुखत्यारपत्र हवे ते विचारावे आणि मगच इथे पैसे खर्चावे. शिवाय गुजरातेत कमी मुद्रांकावर केलेला दस्त महाराष्ट्रातल्या मालमत्तेसाठी वापरताना महाराष्ट्राच्या दरातला फरक तिकडे भरावा लागतो, तो हिशेबात धरावा. आणि मुखत्यारपत्र सख्ख्या भावाला देतानाही अधिकार मोजून द्यावेत. ‘सर्व प्रकारची कामे’ असे मोघम न लिहिता गट क्रमांक, काम आणि मुदत स्पष्ट लिहावी. यात अविश्वास नाही, उलट पुढचे कटू प्रसंग त्यामुळेच टळतात.

ठरलेल्या दिवशी मूळ ओळखपत्र, त्याच्या झेरॉक्स, पासपोर्ट आकाराचे फोटो आणि लागत असल्यास साक्षीदार व त्यांची मूळ ओळखपत्रे घेऊन जावे. घरून सही करून जाऊ नये. सही नोटरीसमोरच करायची असते. प्रत्येक पानावर सही करावी, रिकामी जागा राहिली असेल तिथे आडवी रेघ मारून घ्यावी, खाडाखोड झाली असेल तिच्या शेजारी छोटी सही करावी. नोटरी आपल्याला नोंदवहीत सही करायला सांगतो, तेव्हा ती टाळू नये आणि त्याने सांगितले नाही तर आपण विचारावे, कारण पुढे कोणी कागदावर शंका घेतली तर त्या नोंदवहीतली नोंद हाच आपला आधार असतो. निघण्यापूर्वी गोल शिक्का, त्यातले नोटरीचे नाव, क्षेत्र आणि नोंदणी क्रमांक, नोटरीचे तिकीट, सही, तारीख आणि नोंदवहीचा अनुक्रमांक हे सर्व स्पष्ट उमटले आहे का ते तिथेच उजेडात पाहावे. शुल्काचे दर नोटरीने कार्यालयात दिसतील असे लावावेत असा नियम आहे. ते वाचून मग पैसे द्यावेत आणि पावती मागावी. माणूस न पाहता, व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवरून शिक्का मारून देतो असे कोणी म्हणाले, तर ते काम कितीही स्वस्त आणि सोयीचे वाटले तरी नाकारावे.

घरी आल्यावर सर्व पाने स्कॅन करून ठेवावीत आणि मूळ प्रत कोणाकडे दिली त्याची नोंद करावी. भाडेकरार असेल तर दहावा महिना लागताच घरमालकाशी नूतनीकरणाचे बोलून घ्यावे, कारण नव्या कराराला नवा ई-स्टॅम्प आणि पुन्हा दोघांचीही हजेरी लागते.