लाल यादीतला कोळी कसा वाचावा

आययूसीएन ही निसर्गसंवर्धनाची आंतरराष्ट्रीय संस्था. कुठल्या जीवाला नामशेष होण्याचा किती धोका आहे ते सांगणाऱ्या तिच्या लाल यादीत नाव शोधायचं, पुढं ‘अतिसंकटग्रस्त’ दिसलं की वही मिटायची, असं करू नका. खरा मजकूर त्याच्या खाली असतो.

कोल्हापुरात सुट्टीच्या दिवशी पोरांना हे शिकवताना मी होग्ना इंजेन्स हा लांडगा-कोळी घेतो. पोर्तुगालच्या मदेराजवळ डेझर्टा ग्रांद नावाचं ओसाड बेट आहे. त्याच्या उत्तर टोकाच्या एका दरीत हा राहतो, जगात दुसरीकडं कुठंच नाही. पाय पसरले तर बशीभर होतो.

आधी संख्या बघा. २०१४ सालच्या अभ्यासात प्रौढ कोळी साडेचार हजारांच्या आसपास निघाले. हे सांगितलं की कुणीतरी म्हणतंच, “सर, लई झालं की! वाघ तरी कुठं एवढं हायत?” रास्त आहे. २०२२ च्या गणनेत भारतातले वाघ ३,६८२ च्या घरात होते. मग हा अतिसंकटग्रस्त कसा?

त्यासाठी निकषाचं अक्षर बघायचं, म्हणजे हा शेरा कुठल्या कसोटीवर दिलाय ते. इथं ते ‘बी’ आहे, म्हणजे जागेचा हिशेब. प्रत्यक्ष व्यापलेलं क्षेत्र १० चौरस किलोमीटरच्या आत हवं. पण नुसती जागा लहान असून भागत नाही. सगळे एकाच ठिकाणी असणं किंवा तुकड्यांत विखुरलेले असणं, घट चालू असणं, संख्येत टोकाचे चढउतार होणं, यांतल्या निदान दोन गोष्टी जुळाव्या लागतात. ‘एकच ठिकाण’ म्हणजे एकाच संकटात सगळे सापडतील अशी जागा.

क्षेत्र मोजायचा सराव पन्हाळ्याच्या नकाशावर करा. २ किलोमीटर बाजूचे चौकोन आखा, नोंद असलेले मोजा, चारानं गुणा. चौकोन मोठे आखू नका, क्षेत्र उगाच फुगतं.

आता घट. पूर्वी ८३ हेक्टरांत असलेला हा कोळी २३ हेक्टरांवर आला. आपल्या हिशेबानं २०५ एकरांचे ५७ राहिले. बेटावरचे ससे हटवल्यावर फॅलॅरिस गवत माजलं आणि कोळी ज्या दगडांखाली, भेगांत दडतो त्यांची तोंडंच गवतानं बुजली. गवत हटवायचं काम चालू आहे, ब्रिस्टलच्या प्राणिसंग्रहालयात पिल्लंही वाढवली. यादीच्या पानावरचा ‘धोके’ हा भाग म्हणूनच सावकाश वाचा, उपाय तिथूनच निघतो.

पन्हाळ्यावर वेगळा कोळी दिसला म्हणून तो फक्त तिथलाच, असं लिहू नका. शेजारच्या डोंगरांवर शोधल्याशिवाय तसं म्हणता येत नाही. (दगड उचललात तर होता तसाच परत ठेवा, हे दरवेळी सांगावं लागतं.) बहुतेक कोळ्यांचं पानच यादीत नसतं. त्यांचं मूल्यमापन झालेलं नाही एवढाच त्याचा अर्थ, ते सुखरूप आहेत असा नव्हे. ‘अपुरी माहिती’ हा शेरा वेगळा, तो तपासणी करून दिलेला असतो.

मूल्यमापनाचं वर्ष मात्र टिपाच. दहा वर्षं उलटली की ते अद्ययावत करायला हवं, अशी सूचना त्या पानावरच येते.